कोणीही मत दिलं नाही, तरी 'बॅलट' कसं काय?

शब्दवेडी :
मंडळी, भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि परवा त्यातच हसं झालं. परदेशातल्या एका मोठ्या मॅरेथॉनचे प्रवेशाचे नियम मराठीत करून द्यायचे होते. त्यात वाक्य होतं, 'एंट्री इज बाय बॅलट.' मी बिनधास्त लिहिलं, 'प्रवेश मतदानाद्वारे दिला जाईल.' पुढे 'अनसक्सेसफुल इन द बॅलट' आलं, त्याचं केलं 'मतदानात पराभूत झालेल्या धावपटूंना'. काम देणाऱ्या बाईंचा लगेच फोन. "अहो, पण मतदान कोण करणार आहे? धावणाऱ्यांना निवडून द्यायचं का आता?"

शब्दकोश उघडला तर पहिलाच अर्थ मतपत्रिका, दुसरा गुप्त मतदान. मग हे मॅरेथॉनवाले काय म्हणतायत? इथे इंग्रजीतले जाणकार खूप आहेत, म्हणून धागा काढला.

कोरा_कागद :
'मतदानात पराभूत धावपटू' वाचून चहा सांडला. :)

शब्दवेडीताई, इथे बॅलट म्हणजे सरळ सरळ सोडत. जागा थोड्या, अर्ज फार, मग नावं काढायची. लंडन मॅरेथॉनचा बॅलट असतो, विम्बल्डनच्या तिकिटांचा असतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत पुढच्या वर्षी कुठली खोली मिळणार यासाठी मुलांचा 'रूम बॅलट' होतो. मत कोणी कोणाला देत नाही, फक्त क्रम लागतो.

दशमान :
पण हा खास ब्रिटिश चाळा आहे. अमेरिकन माणूस इथे लॉटरीच म्हणेल. माझा अंदाज असा की 'लॉटरी' म्हटलं की जुगाराचा वास येतो, म्हणून साहेबांनी जरा सभ्य शब्द उचलला. मूळ अर्थ मतदानच. सोडतीचा अर्थ हा अलीकडचा अपभ्रंश.

जुनाजाणता :
दशमान, इथे थोडा असहमत. अपभ्रंश वगैरे काही नाही. सोडत आणि मत हे दोन्ही या शब्दाच्या पाळण्यातले सोबती आहेत. जरा लांबण लावतो, माफ करा.

बॅलट इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, इटलीतून. इटालियन 'बल्लोत्ता' म्हणजे लहानसा चेंडू, गोळी. आणि या गोळ्यांचं माहेर म्हणजे व्हेनिस. तिथे राजा नव्हता. 'डोज' नावाचा प्रमुख निवडायचे, तो मरेपर्यंत पदावर. कुठल्या एका घराण्याने किंवा गटाने ही निवड खिशात घालू नये म्हणून त्यांनी १२६८ मध्ये जी पद्धत बसवली ती वाचताना माणूस वेडा होतो. महासभेतून आधी गोळ्या काढून ३० जण निवडायचे. त्या ३० मधून पुन्हा गोळ्या काढून ९ उरवायचे. हे ९ जण मतदान करून ४० निवडणार. त्या ४० चे गोळ्यांनी १२. ते १२ जण २५ निवडणार. त्यांचे ९. ते ९ जण ४५ निवडणार. त्यांचे ११. ते ११ जण ४१ निवडणार, आणि हे ४१ जण शेवटी डोज निवडणार. त्यातही किमान २५ मतं हवीत!

म्हणजे बघा, एकदा सोडत, एकदा मत, परत सोडत, परत मत. आणि दोन्हीकडे हातात तीच गोळी. सोडतीच्या वेळी गोळ्या काढायला एक पोरगा लागे. सभेतला एक जण सान मार्कोच्या चर्चमधून बाहेर पडताना जो पहिला मुलगा दिसेल त्याला धरून आणायचा. त्या मुलाला नाव होतं 'बल्लोत्तीनो'. मत देताना मात्र गोळ्या कापडाच्या असत, कारण लाकडी किंवा धातूची गोळी पेटीत पडताना वाजते, आणि कुठल्या कप्प्यात वाजली ते शेजारच्याला कळतं.

असं ५०० वर्षांहून जास्त चाललं, १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवेपर्यंत. तेव्हा गोळी हीच सोडत आणि गोळी हेच मत. इंग्रजीत पुढे या शब्दाला दोन्ही अर्थ मिळाले.

दशमान :
मागे घेतो माझा अपभ्रंश. कापडी गोळ्या हे भारीच.

गोगलगाय :
मग 'बॅलट' आणि 'बुलेट' एकच का? भाषणांत कायम जोडीने येतात. अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स, त्याचं १९६४ चं भाषण तर 'द बॅलट ऑर द बुलेट' याच नावाने ओळखलं जातं.

अरण्यक :
दिसायला जुळी, पण आई वेगळी. दोन्हींचा शब्दशः अर्थ 'लहान गोळी' असला तरी बॅलटचं मूळ जर्मानिक घराण्यातलं, ज्यातून बॉल आला. बुलेट फ्रेंच 'बूल'वरून आली, आणि तिची आजी लॅटिन 'बुल्ला', म्हणजे बुडबुडा. त्याच बुल्लाचा पुढे अर्थ झाला कागदावर लावायची गोल मोहोर. मोहोर लावलेला कागद म्हणून 'बुलेटिन'. आणि गंमत बघा, फ्रेंच लोक मतपत्रिकेला 'बुलेटिन'च म्हणतात! म्हणजे इंग्रज मत देतो ते गोळीने आणि फ्रेंच मत देतो ते बुडबुड्याने.

फ्रेंच आणि इटालियनमध्ये बॅलटचा भाऊ वेगळ्याच कामाला लागलाय. 'बालोताज', 'बल्लोत्ताज्जो' म्हणजे पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नाही तर होणारी निर्णायक फेरी.

मधली_सुट्टी :
एक शंका कम तक्रार. बातम्यांत सर्रास 'बॅलेट पेपर' लिहितात. बॅले हा नाच, बॅलट हा कागद. 'बॅलेट पेपरवर निवडणुका घ्या' वाचलं की डोळ्यांसमोर पायाच्या अंगठ्यावर गिरक्या घेणारा मतदार येतो.

कोरा_कागद :
+१. आणि इंग्रजीत भूतकाळ करताना 'टी' दोनदा लिहू नये, तिथेही लोक घसरतात. जोर पहिल्या अक्षरावर आहे म्हणून शेवटचं अक्षर दुप्पट होत नाही.

नुसतीच_वाचक :
पहिल्यांदाच लिहितेय. मग मतपत्रिका, मतदान, मतपेटी यांतलं नक्की काय म्हणजे बॅलट? प्रत्येक ठिकाणी वेगळंच सापडतं.

जुनाजाणता :
चांगला प्रश्न. यात पुन्हा देशागणिक फरक आहे. ब्रिटिश इंग्रजीत बॅलट ही बहुतेक करून प्रक्रिया, आणि कागदाला म्हणायचं 'बॅलट पेपर'. अमेरिकेत कागद म्हणजेच बॅलट. त्यामुळे 'हिज नेम इज ऑन द बॅलट' याचं मराठी 'त्याचं नाव मतपत्रिकेवर आहे' असं शब्दशः चालेल, पण खरा अर्थ 'तो उमेदवार आहे' एवढाच. अमेरिकेत माणसंच नाही, प्रश्नही बॅलटवर असतात. एखादा कायदा करावा की नको हे काही राज्यांत थेट लोकांना विचारतात, तो 'बॅलट मेजर'. मतपत्रिकेत वर राष्ट्राध्यक्षाचं पद आणि खाली खाली लहान पदं, म्हणून त्या लहान लढतींना 'डाउन-बॅलट' म्हणतात.

तिसरा अर्थ 'फेरी'. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तिथे उमेदवार ठरला १०३ व्या बॅलटला. म्हणजे १०३ वेळा मतदान. उमेदवार जॉन डेव्हिस. पुढे तो निवडणूक हरला, ते सोडा.

दशमान :
१०३!! तोपर्यंत मत देणारे आपलं नाव विसरले असतील.

अमेरिकन कागदाचा विषय निघालाच आहे तर 'तिकीट' सांगतो. पूर्वी तिथे सरकार मतपत्रिका छापतच नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांचा कागद छापून वाटायचा, वेगळ्या रंगाचा, लांबून ओळखू येईल असा. तो कागद म्हणजे तिकीट. मतदार तो घेऊन सगळ्यांदेखत पेटीत टाकायचा. 'स्ट्रेट तिकीट' (सगळी मतं एकाच पक्षाला), 'स्प्लिट तिकीट' (वेगवेगळ्या पक्षांत वाटलेली) हे शब्द त्यातलेच. आपण 'पक्षाने तिकीट दिलं' म्हणतो तेव्हा कोणाला तो रंगीत कागद आठवत नाही.

हळू_चालणारा :
म्हणजे तेव्हा गुप्तता नव्हती? मला वाटायचं बॅलट म्हटलं की गुप्तच. मग 'सीक्रेट बॅलट' का म्हणतात, गुप्त गुप्त मतदान?

अरण्यक :
तेच तर. गुप्तता नंतर चिकटली. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं मतदार मंचावर चढून मोठ्याने नाव घ्यायचा आणि कारकून वहीत लिहून घ्यायचा. जमीनदार समोर उभा. कुळाने काय म्हणायचं मग? चार्टिस्ट या तिथल्या कामगारांच्या चळवळीने १८३८ मध्ये ज्या सहा मागण्या केल्या त्यांत एक गुप्त मतदानाची होती. विरोध करणारेही लहानसहान नव्हते. जॉन स्टुअर्ट मिलसारखा तत्त्वज्ञ आधी बाजूने होता आणि नंतर विरोधात गेला. त्याचं म्हणणं, मत ही काही तुमची खासगी मालमत्ता नाही, लोकांनी सोपवलेली जबाबदारी आहे, ती लोकांसमोरच पार पाडा. मला हा मुद्दा पटत नाही, पण उडवून लावण्यासारखाही नाही.

आज आपण ज्याला मतपत्रिका म्हणतो, म्हणजे सरकारने छापलेला, सगळ्यांना सारखा, सगळी नावं असलेला कागद, आडोशाला जाऊन खूण करायची, तो ऑस्ट्रेलियाचा शोध. १८५६ मध्ये तिथल्या वसाहतींनी, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया वगैरे, हा कायदा केला. व्हिक्टोरियात तेव्हा नको असलेल्या नावांवर काट मारायची पद्धत होती, हवं त्यापुढे खूण करायची नाही! अमेरिकेत हे पोचलं तेव्हा नाव पडलं 'ऑस्ट्रेलियन बॅलट'. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८८ मध्ये घेतलं, मग बाकीच्यांनी.

ब्रिटनचा कायदा १८७२ चा. पहिली गुप्त पोटनिवडणूक पॉन्टेफ्रॅक्ट नावाच्या गावात, त्याच वर्षी १५ ऑगस्टला. गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीवर लाख ओतल्यावर सील कशाचं मारलं असेल? त्या वड्यांवर उमटवायचा ठसा! ती पेटी अजून जपून ठेवली आहे.

मधली_सुट्टी :
ज्येष्ठमधाचं सील असलेली लोकशाही. घसा बसणार नाही.

पाचवा_कोपरा :
आपल्याकडचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. बौद्ध विनयग्रंथांत भिक्षुसंघाच्या मतदानाची व्यवस्था आहे. वाद मिटला नाही तर प्रत्येकाने 'शलाका' उचलायची, म्हणजे लहान काडी. बाजूनुसार वेगवेगळ्या काड्या. त्या गोळा करणाऱ्याला 'शलाकाग्राहापक' म्हणत आणि तो पक्षपाती, द्वेषी, भित्रा किंवा मूढ नसावा अशी अट. मत घेण्याच्या तीन पद्धती दिल्यात: गुप्त, कानात कुजबुजून, आणि उघड. चेंडू नाही, काडी. कल्पना तीच.

आणि ग्रीकांकडे खडा. 'प्सेफोस' म्हणजे खडा, त्यावरून निवडणूकशास्त्राला 'सेफॉलॉजी'. अथेन्सच्या न्यायसभेत नंतर काशाच्या चकत्या आल्या. चकतीच्या मध्ये एक दांडी, एकीची पोकळ, दुसरीची भरीव. दांडीची टोकं बोटांत धरली की कुठली टाकतोय ते कोणाला दिसत नाही.

गोगलगाय :
गोळी, काडी, खडा... माणसाने हातात मावेल ते सगळं मत म्हणून वापरलं आहे. 'ब्लॅकबॉल करणे' यातलंच ना?

जुनाजाणता :
हो. जुन्या इंग्लिश क्लबांत नव्या सभासदाला घ्यायचं का यावर गोळ्या टाकत. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. पुष्कळ क्लबांत एकच काळी गोळी पुरे. कोणी टाकली ते कळायचं नाही. म्हणून आजही कोणाला गुपचूप बाहेर ठेवलं की 'ब्लॅकबॉल' केलं म्हणतात. शब्द मतदानाचा, वास राजकारणाचा.

शब्दवेडी :
बाप रे, एका दिवसात केवढं लिहिलंत सगळ्यांनी! दुसऱ्या एका कामातलं वाक्य टाकते, तिथेही अडकलेय. कामगार संघटनेचं पत्रक आहे. 'द युनियन विल बॅलट इट्स मेंबर्स.' आता इथे सभासदांची सोडत काढणार की सभासदांना निवडून देणार?

कोरा_कागद :
दोन्ही नाही. क्रियापद म्हणून बॅलटचं कर्म म्हणजे ज्यांना विचारायचं ती माणसं. 'संघटना सभासदांचं गुप्त मतदान घेणार आहे.' बहुधा संपाबद्दल. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यापासून संपाआधी असं मतदान घेणं संघटनांना आवश्यक झालं, म्हणून तिथल्या बातम्यांत 'स्ट्राइक बॅलट' फार दिसतं. तुम्ही 'सभासदांना मतदान करेल' लिहिलं असतं तर परत फोन आला असता. :)

तसंच 'कास्ट अ बॅलट' म्हणजे नुसतं मत देणं. 'कास्ट' म्हणजे टाकणं, गोळी टाकायचे ना. पण 'कास्टिंग व्होट' आलं तर सावध. ते अध्यक्षाचं निर्णायक मत, समसमान झाल्यावरचं.

हळू_चालणारा :
आणि व्होट? त्याचं मूळ काय?

अरण्यक :
लॅटिन 'वोटुम'. अर्थ नवस!

हळू_चालणारा :
काय सांगता? मतदान म्हणजे नवस बोलणं?

अरण्यक :
शब्दशः तेच. देवाला दिलेलं वचन, मग मनातली इच्छा, मग इच्छा व्यक्त करणं, आणि तिथून मत. 'डिव्होट', 'डिव्होटी' त्याच घरातले. जाता जाता 'पोल' म्हणजे डोकं. डोकी मोजायची म्हणून पोल. बेडकाच्या पिल्लाला 'टॅडपोल' म्हणतात त्यातला पोल तोच, टोडचं डोकं.

नुसतीच_वाचक :
नवस वाचल्यावर एक सुचलं, चुकत असेन तर सांगा. बॅलटला मराठीत अगदी नेमका शब्द आहे की. कौल!

देवाला कौल लावतात तेव्हा आपण काही ठरवत नाही. डावं पडेल की उजवं, ते वरच्यावर सोपवलेलं. म्हणजे सोडतच. आणि निवडणुकीनंतर आपण 'जनतेने कौल दिला' म्हणतो, ते मत. एकच शब्द, दोन्ही अर्थ, अगदी व्हेनिसच्या गोळीसारखे.

जुनाजाणता :
वा! 'नुसतीच वाचक' हे नाव बदला आता. इतका वेळ आम्ही इटली फिरत होतो आणि शब्द घरात होता. कौल मूळचा अरबी, 'क़ौल' म्हणजे बोल, वचन. जुन्या कागदांतला 'कौलनामा' म्हणजे अभयाचं लेखी वचन. देवाचा बोल तो कौल, लोकांचा बोल तोही कौल. (छपराचं कौल वेगळं, ते यात आणू नका.)

मधली_सुट्टी :
मी छपराचं आणणारच होतो.

दशमान :
सुंदर आहे, पण भाषांतरात चालेल का? 'मॅरेथॉनमधील प्रवेश कौलाने' लिहिलं तर बाई तिसऱ्यांदा फोन करतील. तिथे 'सोडत'च हवं.

अजून एक भर. सोडत आणि मत एकत्र येतात असं आजचं उदाहरण: ऑस्ट्रेलियात मतपत्रिकेवर कोणाचं नाव वर येणार हे सोडतीने ठरतं, आणि ती सोडत आकडे घातलेल्या चेंडूंनीच काढतात. कारण काही मतदार वरून खाली नुसते १, २, ३ आकडे टाकत जातात. त्याला तिथे 'डाँकी व्होट' म्हणतात. वरच्या नावाला फुकटचा फायदा. ब्रिटिश संसदेतही खासगी विधेयक मांडायची संधी कोणाला, याचा बॅलट होतो. २० नावं निघतात. सगळे लोकांनी निवडून दिलेले खासदार, आणि पाळी ठरते नशिबाने.

पाचवा_कोपरा :
या शब्दाची सोडतीची बाजू नेहमी इतकी गोड नसते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात सक्तीची लष्करभरती होती. २० वर्षांच्या मुलांपैकी कोणाला न्यायचं? १९६५ पासून पिंपात गोट्या घालून त्या काढायचे, प्रत्येक गोटी म्हणजे एक जन्मतारीख. तारीख निघाली की त्या दिवशी जन्मलेले, सवलत नसलेले सगळे भरतीच्या यादीत. त्यालाही 'बर्थडे बॅलट' म्हणत. १९७२ मध्ये सरकार बदललं आणि ते थांबलं. बॅलट आणि बुलेट एकाच दाराने घरात आलेली हीच जागा असावी.

गोगलगाय :
हे माहीत नव्हतं. अंगावर आलं.

शब्दवेडी :
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट: 'प्रवेश सोडतीद्वारे' लिहून दिलं, बाईंनी हिरवा कंदील दाखवला. पत्रकात 'सभासदांचं गुप्त मतदान घेण्यात येईल' घातलं. 'अनसक्सेसफुल इन द बॅलट'चं 'सोडतीत नाव न आलेल्या धावपटूंना' केलं. पराभूत कोणीच नाही.

त्याच पानावर खाली 'सेकंड बॅलट' आहे. आधी दचकले, दुसरी फेरी की काय. पण ज्यांचं नाव आलं नाही त्यांच्यातूनच परत नावं काढणार आहेत, म्हणून 'दुसरी सोडत'. बरोबर ना?

कोरा_कागद :
एकदम. पण आता सांगाच, एवढे नियम घोटलेत तर स्वतः अर्ज भरलात की नाही?

शब्दवेडी :
भरला होता. काल मेल आला. पहिल्या सोडतीत नाव नाही. माझ्या जुन्या भाषांतराप्रमाणे मी प्रचंड मतांनी पडले आहे.

मधली_सुट्टी :
फेरमोजणी मागा.